मन खचले तर औषध कोणाचे घ्यावे?



आपल्या या पत्रिकेतून लागणीचा हंगाम, बेणे निवड, खताची मात्रा, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांची माहिती नेहमी दिली जाते. आज थोडा वेगळा विषय घेत आहोत. उसाची पाने पिवळी पडली की आपला सभासद दुसऱ्या दिवशी गट ऑफिसला येतो, पान दाखवतो आणि 'काय मारू' म्हणून विचारतो. परंतु स्वतःचे मन खचले तर तोच माणूस सहा-सहा महिने कोणापाशी बोलत नाही. शेवटी बोललाच, तर गावात जितकी तोंडे तितकी औषधे. ऐकणारा गोंधळतो, आज हे घेतो, उद्या ते सोडतो, आणि मधल्या मध्ये आजार वाढतो. या गोंधळातून वाट कशी काढावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

उदासी कोणती आणि आजार कोणता?

ऊसशेतीत मनाला धक्का बसावा असे प्रसंग पुष्कळ. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तो तुटेपर्यंत सोळा-अठरा महिने निघतात. तोवर सोसायटीचे व्याज थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही, लग्नकार्य थांबत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा-कृष्णेच्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागातील कित्येकांचा उभा ऊस पाण्याखाली गेला. अशा वेळी माणूस खिन्न झाला नाही तरच नवल. चार दिवस जेवण जात नाही, रात्री डोळा लागत नाही. मग पाहुणेरावळे येतात, काम निघते, आणि माणूस हळूहळू सावरतो. ही उदासी म्हणजे आजार नव्हे. तिला औषध लागत नाही, माणसे लागतात.

परंतु काही वेळा गाडी येथेच थांबत नाही. पुढील गोष्टी पाहाव्यात :

मन सतत उदास राहणे, कशातच जीव न रमणे, झोप उडणे किंवा नको इतकी येणे, भूक व वजन यांत फरक पडणे, काही न करता थकवा येणे, साधा निर्णय घेता न येणे, हालचाल व बोलणे मंदावणे किंवा उलट एका जागी बसवत नसणे, 'सगळी चूक माझीच' असे वाटणे, आणि मरणाचे विचार येणे. यांपैकी पाच किंवा अधिक गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकल्या, आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकी निदान एक असली, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात.

आपल्याकडे हा आजार सरळ तोंडाने बोलत नाही. पुरुष माणूस चिडका होतो, घरात आदळआपट करतो, बाटली जवळ करतो. बाईमाणूस 'अंग दुखतंय, डोकं धरतंय' म्हणते आणि वर्षभर दुखण्याच्या गोळ्या खाते. नुकतीच बाळंत झालेली सून बाळाकडे बघत नाही, तर लोक तिला आळशी ठरवतात. म्हातारा माणूस गप्प होतो, तर 'वय झालं' म्हणून सोडून देतात.

२०१५-१६ साली बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, आपल्या देशातील शंभर प्रौढांपैकी सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे हजार प्रौढ माणसांच्या गावात पन्नासएक माणसे. यात भित्रेपणाचा किंवा आळसाचा काही संबंध नाही. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग या नावाचा आहे. अर्जुनाएवढ्या योद्ध्याच्याही हातून धनुष्य गळाले, तिथे आपण कोण?

आणखी एक. थायरॉईड कमी पडणे, रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह आणि काही औषधे यांनीही माणूस असाच मलूल होतो. म्हणून कोणताही उपाय धरण्याआधी डॉक्टरांकडून एकदा तपासणी व रक्ताची चाचणी करून घ्यावी. कमतरता कशाची आहे हे न पाहता खत टाकण्यात काय अर्थ?

पारावरचा वाद

असा माणूस गावात असला की पारावर काय बोलणे होते ते सर्वांना ठाऊक आहे.

एक म्हणतो, "तात्या, त्या डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. झाडपाल्याचं घ्या, त्याचा अपाय नसतो."

दुसरा म्हणतो, "माझ्या मेव्हण्याला होमिओपॅथीच्या साबुदाण्यानं गुण आला. पत्ता देतो."

तिसरा म्हणतो, "हे बाहेरचं आहे हो. अमावास्येला देवऋषाकडं नेऊन आणा."

चौथा शिकलेला असतो. तो म्हणतो, "सगळं थोतांड आहे. गोळ्याच पाहिजेत, बाकी काही नको."

चौघेही आपुलकीनेच बोलतात. पण ज्याचे मन आधीच खचले आहे त्याला यातून निवड करता येत नाही. निर्णय घेता न येणे हेच तर त्याचे दुखणे. म्हणून निवड कोणत्या कसोटीवर करावयाची, हे घरच्यांनी तरी समजून घेतले पाहिजे. आणि ती कसोटी ऊस उत्पादकाला नवीन नाही.

कसोटी चाचणी प्लॉटची

शेजारच्या गावात एकाला नव्या वाणाचे एकरी शंभर टन निघाले, असे कानावर आले तर आपण काय म्हणतो? 'जमीन कसली होती? पाणी किती दिले? खत काय टाकले?' एकाच्या शेतावरून वाणाची शिफारस होत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नवा वाण जुन्या प्रचलित वाणाला खेटून लावतात. जमीन तीच, पाणी तेच, खत तेच. असे प्लॉट अनेक ठिकाणी पाडतात, ऊस तोडून वजन करतात, उतारा काढतात, आणि मगच शिफारस होते. को ८६०३२ काय, फुले २६५ काय, सगळे या वाटेनेच आपल्या शेतात आले.

औषधाची चाचणी अशीच असते. सारख्या आजाराचे रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करतात. एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते.

ही पोकळ गोळी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, माणसाला गुण येतो तो तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे काळ. उदासीचे पुष्कळसे सौम्य झटके काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, आणि त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला श्रेय जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते. दुसरी गोष्ट विश्वास. कोणीतरी अर्धा तास आपले ऐकून घेतले, पथ्य सांगितले, धीर दिला, याचाही परिणाम होतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष औषध. नैराश्याच्या चाचण्यांत पोकळ गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पस्तीस-चाळीस जणांना चांगला आराम पडलेला दिसतो. म्हणून मेव्हण्याला गुण आला ही गोष्ट खरी असली, तरी तो कशाने आला हे तेवढ्यावरून सांगता येत नाही.

ही कसोटी सर्वांना सारखी लावावयाची. डॉक्टरांच्या गोळीला एक न्याय आणि वैद्यांच्या काढ्याला दुसरा, असे नको.

डॉक्टरांच्या गोळ्या

या गोळ्यांचा शोध काहीसा अपघातानेच लागला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे औषध दिले असता ते रुग्ण विलक्षण उत्साही झाले. पुढे ते नैराश्यावर वापरले गेले. पण यकृताला इजा होते असे दिसल्यावर १९६१ मध्ये अमेरिकेत बाजारातून काढून घेण्यात आले. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या डॉक्टरांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध केला. आजच्या गोळ्या त्यांच्यापेक्षा सुरक्षित आहेत.

२०१८ साली २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांच्या, एकत्र करून तपासण्यात आल्या. एकवीसही औषधे पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरी फरक मध्यम होता, अचाट नव्हे. आजार जितका तीव्र, तितका या गोळ्यांचा उपयोग ठळक. हलक्या उदासीत त्यांची गरज बहुधा पडत नाही.

मेंदूतील एक रसायन कमी पडते म्हणून नैराश्य येते, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. ते तितके सोपे नाही, असा आक्षेप २०२२ साली एका मोठ्या आढाव्यात घेण्यात आला. तो विचारात घेण्याजोगा आहे. पण गोळी कशी काम करते हा प्रश्न वेगळा आणि ती काम करते की नाही हा वेगळा. शेणखताने पीक येते हे आपल्या आजोबांना नत्र-स्फुरद ठाऊक होण्याआधीच माहीत होते.

गोळ्यांबाबत सभासदांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नयेत. दुसरी, सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा, झोपेत बदल होऊ शकतो. डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा औषध बदलतात. तिसरी, बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाच्या असतात. एकदम सोडल्या तर चक्कर, घाबरे होणे असा त्रास होतो. लोक यालाच 'गोळ्या सुटत नाहीत' म्हणतात. पण ही दारूसारखी तलफ नव्हे. चौथी, झोपेच्या गोळ्या ही वेगळी जात आहे. त्यांची सवय मात्र खरोखर लागते. मेडिकल दुकानातून चिठ्ठीवाचून त्या आणून वर्षानुवर्षे घेऊ नयेत.

झाडपाल्याचे अपाय नसतात काय?

आता दुसरी बाजू. वनस्पतीत औषध नसते असे म्हणणारा इतिहास विसरतो, आणि वनस्पतीत अपाय नसतो असे म्हणणाराही तोच इतिहास विसरतो. सर्पगंधेचे उदाहरण पाहा. ही आपल्या देशातील जुनी वनस्पती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. आणि त्यानंतर रेसर्पिन घेणारे काही रुग्ण अतिशय खिन्न होतात, अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. म्हणजे मुळीत ताकद होती आणि धोकाही होता. ज्यात ताकद आहे त्यात धोका असतोच. तणनाशकाचे जे खरे, ते औषधाचेही खरे.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, सेंट जॉन्स वर्ट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती उदासीवर फार वापरतात. तिच्या भरपूर चाचण्या झाल्या. २००२ साली अमेरिकेतील ३४० रुग्णांच्या चाचणीत ती पोकळ गोळीहून सरस ठरली नाही. गंमत अशी की, तुलनेसाठी घेतलेली डॉक्टरी गोळीही त्या चाचणीत स्पष्टपणे सरस ठरली नाही. पुढे २००८ साली २९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ही वनस्पती पोकळ गोळीपेक्षा सरस आणि डॉक्टरी गोळ्यांच्या तोडीची दिसली. एका प्लॉटवरून निकाल देऊ नये, तो यासाठी. परंतु हीच वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि इतर काही औषधे यांचा असर कमी करते, आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर घातक ठरू शकते. म्हणजे उपयोगी असूनही ती डॉक्टरांना न सांगता घेण्याची वस्तू नव्हे.

आपल्याकडील अश्वगंधेच्याही चाचण्या झाल्या आहेत. ताण व झोप यांवर थोडा उपयोग दिसतो. पण चाचण्या लहान व थोड्या दिवसांच्या आहेत. नैराश्याच्या आजारावर तेवढ्यावरून विसंबता येत नाही. काही जणांच्या यकृताला तिने इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडच्या रुग्णांनी व गरोदर बायकांनी ती परस्पर घेऊ नये, आणि डेन्मार्क देशाने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. भस्मांच्या बाबतीत अधिक जपावे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाचांतील एकात शिसे, पारा किंवा सोमल सापडले. बिनलेबलाची पुडी, बाजारातल्या तंबूतले औषध, 'दिल्लीहून मागवलेले' चूर्ण यांपासून दूर राहावे. घ्यायचेच तर पदवीधर वैद्यांकडून घ्यावे, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे सांगावीत.

होमिओपॅथी आणि फुलांची औषधे

२०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने होमिओपॅथीच्या चाचण्यांचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. इंग्लंडच्या एडवर्ड बाख यांनी १९३०च्या सुमारास काढलेली ३८ फुलांची औषधे आपल्या शहरांतही मिळतात. चाचण्यांत तीही पोकळ गोळीच्या पुढे गेली नाहीत. या गोळ्यांनी सहसा अपाय होत नाही हे खरे. त्या देणारा बहुधा वेळ देतो, नीट विचारपूस करतो, हेही खरे. आणि घाईत असणाऱ्या डॉक्टरांनी ते शिकण्यासारखे आहे. अपाय होतो तो वेगळ्या रीतीने. आजार वाढत असताना तीन-चार महिने या गोळ्यांवर निघून जातात. हुमणी मुळाशी लागली असताना पानावर फवारणी करीत बसण्यासारखे ते आहे.

देवधर्म आणि देवऋषी

वारीला जाणे, भजनाला बसणे, ग्रामदैवताला नारळ वाहणे यात उपचाराच्या आड येणारे काही नाही. उलट चार माणसांत उठबस होते, मन हलके होते. परंतु देवऋषाने 'करणी झाली' म्हणून मारणे, मिरचीची धुरी देणे, साखळीने बांधणे हा धर्म नव्हे, गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कायद्याची मागणी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या छपराला आग लागली, तेव्हा साखळदंडात असलेल्या २८ जणांना पळताही आले नाही.

याउलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुवा' असा प्रकल्प चालतो. तेथील मुजावर आलेल्या रुग्णाला प्रार्थनेबरोबर शेजारी बसलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडेही पाठवतो. श्रद्धा सोडावी लागत नाही आणि उपचारही चुकत नाही. आपल्याकडेही अंगारा लावूनच दवाखान्यात जायचे असेल तर जरूर जावे, पण जावे.

बोलणे, चालणे आणि छोटे काम

गोळी आणि काढा यांच्या वादात तिसरा उपाय बाजूला राहतो, आणि चाचणीत तो चांगला उतरला आहे. चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरून धरणे. आजच्या भाषेत त्याच्या जवळचा शब्द समुपदेशन.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले. देणारे डॉक्टर नव्हते; थोडे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या शंभरांपैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतही गावच्याच कार्यकर्त्यांमार्फत असे काम झाले. तेथे उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चारावरून सत्तावीसपर्यंत गेले. मात्र त्या कामाला तुलनेचा प्लॉट नव्हता, हे आपल्याच कसोटीप्रमाणे सांगितले पाहिजे.

गोव्यातील समुपदेशनाचे सूत्र अगदी साधे आहे. मन उदास झाले की माणूस काम सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे बरे वाटण्याचे प्रसंग कमी होतात. त्यामुळे मन आणखी बसते. ही साखळी मनाकडून तुटत नाही, कामाकडून तुटते. 'बरे वाटले की रानात जाईन' असे म्हणून थांबू नये. आधी बांधापर्यंत जावे, बरे वाटणे मागून येते. पण काम लहान हवे. पहिल्या दिवशी अंघोळ करून ओट्यावर बसणे. दुसऱ्या दिवशी जनावराला वैरण टाकणे. मग एक सरी फिरून येणे, मग एका मित्राला भेटणे. रोज काय केले ते वहीत लिहावे, जसे पाण्याच्या पाळ्या लिहितो तसे.

व्यायामाचेही असेच. २०२४ साली २१८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. चालणे-धावणे, योगासने, ताकदीचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होते असे त्यात दिसले. कोणी म्हणेल, 'आम्ही दिवसभर राबतोच की.' परंतु काळजी डोक्यात घेऊन राबणे वेगळे आणि पहाटे दोघे-तिघे बोलत दोन मैल चालून येणे वेगळे.

दारूबद्दल एकच वाक्य. ती रात्री विसर पाडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी दुप्पट करून परत देते. सुटत नसेल तर पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत.

किती आजाराला काय?

हलकी उदासी असेल, कामधंदा चालू असेल, तर बोलणे, चालणे, झोपेची वेळ पाळणे, दारू बंद, एवढ्यावर तीन-चार आठवडे पाहण्यास हरकत नाही. या वेळी कोणी निरुपद्रवी काढा घेतला तरी बिघडत नाही.

काम बंद पडले, दोन आठवडे उलटून गेले, तर डॉक्टर. समुपदेशन, गोळ्या किंवा दोन्ही ते ठरवतील. पूर्वी कधी अति उत्साहाचे, उधळपट्टीचे, झोपेवाचून चालण्याचे दिवस येऊन गेले असतील तर तेही सांगावे, कारण मग औषध बदलते.

जेवणपाणी सुटले, भलतेसलते आवाज ऐकू येऊ लागले, मरणाची भाषा सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. तेव्हा कोणत्याही पॅथीचा वाद घालू नये. शॉकच्या उपचाराची लोकांना भीती वाटते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल दिल्याशिवाय तो देण्यास बंदी आहे, आणि अतितीव्र आजारात त्याने जीव वाचतात.

घरच्यांनी काय करावे?

'मन घट्ट कर', 'तुला काय कमी आहे' असे म्हणू नये. त्याने माणूस आणखी मिटतो. जवळ बसून सरळ विचारावे, "आबा, हल्ली गप्प गप्प असता. झोप लागते का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. उलट ओझे उतरते. तसा विचार येतो म्हणाले तर एकटे सोडू नये.

घरातील कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. तो झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो; तेवढा वेळ हाताशी विष नसले तर माणूस वाचतो.

कोणी तसा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नासाठी पूर्वीचे ३०९ कलम ठेवलेले नाही. आधी जीव, मग बाकीचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. बोलण्यासाठी सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, मोफत, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची सोय असते.

कोणताही उपाय धरण्यापूर्वी विचारा

१) तपासणी करून दुसरे कारण नाही ना, हे पाहिले काय?
२) या उपायाचा तुलनेचा प्लॉट झाला आहे काय, की फक्त मेव्हण्याचा अनुभव?
३) यात काय आहे, हे बाटलीवर लिहिले आहे काय?
४) चालू औषधाशी याचे जमते काय?
५) हा देणारा 'डॉक्टरांच्या गोळ्या आजच बंद करा' असे म्हणतो काय? म्हणत असेल तर तेथून उठावे.
६) किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर दुसरीकडे जायचे, हे आधी ठरवले काय?

सभासद बंधूंनो, ऊस एक वर्ष गेला तर पुढल्या वर्षी येतो, खोडवाही फुटतो. माणसाचे तसे नाही. आपल्या शेजारच्या शिवारात कोणी सभासद महिनाभर दिसला नसेल, पाण्याची पाळी चुकवली असेल, सभेला आला नसेल, तर ही पत्रिका बाजूला ठेवून आधी त्याच्या घरी जाऊन यावे, ही नम्र विनंती.